कामाच्या ठिकाणी छळ सोसणाऱ्या कर्मचाऱ्यांना जाणवणारा ताण कसा मोजावा

कामाच्या ठिकाणी ज्यांचा छळ होतो अशा कर्मचाऱ्यांचा ताण मोजताना सर्वाधिक घडणारी चूक अशी, की दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात आणि मग त्या दोहोंत घट्ट संबंध सापडला म्हणून समाधान मानले जाते. ताणाच्या प्रश्नावलीत ‘सहकारी तुमच्याशी तुटकपणे वागतात का’ असा प्रश्न आहे आणि छळाच्या प्रश्नावलीतही तोच प्रश्न थोड्या निराळ्या शब्दांत आहे, तर दोन्हींच्या गुणांचा सहसंबंध उंच येणारच. त्यातून छळामुळे ताण वाढतो हे सिद्ध होत नाही. एकच प्रश्न दोनदा विचारला गेला, एवढेच सिद्ध होते. म्हणून काय घडले आणि त्याचे काय वाटले या दोन गोष्टी शेवटच्या विश्लेषणापर्यंत वेगळ्या ठेवायच्या, हा पुढील सर्व पायऱ्यांमागचा आधार आहे.

‘जाणवणारा ताण’ या शब्दप्रयोगाविषयी सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. मनुष्यबळ विभागातील अनेकांच्या मनात ‘जाणवणारा’ म्हणजे ‘मानलेला’, पर्यायाने ‘खरा नसलेला’, असा अर्थ रुजलेला असतो. मानसशास्त्रात तसा अर्थ नाही. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडलेल्या विचारानुसार, माणूस समोरच्या प्रसंगाकडे पाहताना आधी हा प्रसंग आपल्याला धोक्याचा आहे का हे जोखतो आणि त्याबरोबरच आपल्या हातात त्यावर काही उपाय आहे का हेही जोखतो. धोका मोठा आणि उपाय हाती नाही, असा हिशेब निघाला की ताण जाणवतो. छळाच्या बाबतीत हा दुसरा हिशेब फार महत्त्वाचा असतो, कारण जिथे प्रतिकार करता येतो तिथे बहुधा भांडण असते, आणि जिथे प्रतिकाराची वाटच बंद असते तिथे छळ सुरू होतो.

आधी छळ झाला आहे का हे ठरवावे

छळाची शास्त्रीय व्याख्या करताना चार गोष्टी पाहिल्या जातात: वर्तन नकारात्मक असणे, ते पुन्हा पुन्हा होणे, ते दीर्घकाळ चालणे आणि ज्याला ते सोसावे लागते त्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाणे. स्वीडनमध्ये काम केलेले हाइन्झ लेमन यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने, असा निकष घातला होता, आणि त्यांच्या प्रश्नावलीत अशा ४५ प्रकारच्या वर्तनांची नोंद होती. हा निकष कडक आहे. पाचव्या महिन्यात असलेल्या माणसाला ‘अजून तुमचा छळ सुरू झालेला नाही’ असे सांगणे हास्यास्पद ठरेल. परंतु एकदाच ओरडलेल्या साहेबाला आणि वर्षभर टोमणे मारणाऱ्या साहेबाला एकाच रकान्यात टाकायचे नसेल, तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

छळ मोजण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात व्याख्या वाचून दाखवून, किंवा न दाखवता, ‘तुमचा असा छळ होतो का’ असे थेट विचारले जाते. दुसऱ्या मार्गात ‘छळ’ हा शब्द न उच्चारता विशिष्ट वर्तनांची यादी दिली जाते आणि प्रत्येक वर्तन किती वेळा अनुभवले हे विचारले जाते. मार्ग बदलला की आकडा किती बदलतो, याचा चांगला पुरावा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मिळतो: व्याख्या देऊन विचारले तेव्हा सरासरी ११.३ टक्के, वर्तनांची यादी वापरली तेव्हा १४.८ टक्के, आणि व्याख्या न देता विचारले तेव्हा १८.१ टक्के कर्मचाऱ्यांचा छळ होत असल्याचे आढळले. व्याख्या न देता थेट विचारणे टाळावे, कारण मग प्रत्येक जण आपापल्या मनातला अर्थ धरून उत्तर देतो.

यादीच्या मार्गासाठी सर्वाधिक वापरली जाणारी साधने नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या परंपरेतून आली आहेत. ‘निगेटिव्ह ॲक्ट्स क्वेश्चनेअर’ या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २२ विधाने असून मागील सहा महिन्यांत ते वर्तन कधीच नाही, अधूनमधून, दरमहा, दर आठवड्याला की दररोज अनुभवले, यांपैकी एक उत्तर निवडायचे असते. उत्तराला १ ते ५ गुण दिल्यामुळे एकूण बेरीज २२ ते ११० यांमध्ये येते. कामाशी संबंधित त्रास, व्यक्तीला लक्ष्य करणारा त्रास आणि शारीरिक धाकदपटशा असे तिचे तीन भाग आहेत. पुढे २०१३ मध्ये ३३ आणि ४५ असे दोन उंबरठे सुचवले गेले: ३३ च्या खाली छळ नाही, ३३ ते ४४ अधूनमधून छळ, आणि ४५ पासून पुढे छळाचा बळी. हे उंबरठे एका प्रातिनिधिक नमुन्यावरून काढलेले आहेत, त्यामुळे ते आपल्या अभ्यासात वापरताना ‘सुचवलेले’ हा शब्द गाळू नये. माझ्या मते २२ विधानांची यादी आणि शेवटी व्याख्या देऊन विचारलेला एक थेट प्रश्न, ही जोडी सर्वांत उपयोगी पडते. यादीत ५० गुण असूनही थेट प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी माणसे प्रत्येक सर्वेक्षणात भेटतात आणि त्यांना वगळून चालत नाही.

ताणासाठी कोणती मापनश्रेणी घ्यावी

शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पर्सीव्ड स्ट्रेस स्केल’ ही जाणवणाऱ्या ताणाची सर्वांत प्रसिद्ध मापनश्रेणी आहे. मूळ रूपात १४ प्रश्न होते. १९८८ पासून १० प्रश्नांचे रूप अधिक रूढ झाले. मागील महिन्यात गोष्टी आपल्या आवाक्याबाहेर जात आहेत असे किती वेळा वाटले, अशा धर्तीचे हे प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण मिळतात. तिच्यात घटनांचा उल्लेख नाही, केवळ अनुभव विचारला आहे, आणि छळाच्या अभ्यासासाठी तिची हीच बाजू सर्वांत मोलाची आहे. अडचण एवढीच, की ती आयुष्यातील एकंदर ताण मोजते. घरी आजारी माणूस असलेल्या आणि कार्यालयात सुखाने काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे गुणही उंच येऊ शकतात.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘कामाच्या संदर्भात’ अशी जोड देणे. मात्र तसे केल्यावर ती मूळ मापनश्रेणी राहत नाही, तिची विश्वसनीयता, म्हणजे ती सातत्याने सारखेच मोजते का, हे नव्याने तपासावे लागते आणि इतरांच्या सरासरीशी तुलना करता येत नाही. दुसरा उपाय म्हणजे मूळ श्रेणी जशीच्या तशी ठेवून तिच्या जोडीला कामाच्या ताणाची स्वतंत्र छोटी श्रेणी देणे आणि घरच्या परिस्थितीबद्दल एखाद-दुसरा प्रश्न विचारून त्याचा प्रभाव विश्लेषणात वेगळा काढणे. वेळ असेल तर मी दुसराच उपाय निवडतो. वेळ अजिबात नसेल, तर २००३ पासून वापरात असलेला एका प्रश्नाचा मार्गही आहे: तणावग्रस्त, अस्वस्थ किंवा बेचैन वाटणे, अथवा मनातील विचारांमुळे रात्री झोप न लागणे, म्हणजे ताण, अशी व्याख्या देऊन असा ताण सध्या किती जाणवतो हे पाच पायऱ्यांवर विचारले जाते. गटाचा अंदाज घेण्यासाठी हा प्रश्न पुरेसा असतो, एका व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी नसतो.

काही प्रश्नावल्या नावावरून ताणाच्या वाटतात, पण प्रत्यक्षात ताणाची कारणे मोजतात. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा कार्यकारी यंत्रणेची ३५ विधानांची प्रश्नावली हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कामाची मागणी, नियंत्रण, वरिष्ठांचा आधार, सहकाऱ्यांचा आधार, परस्परसंबंध, भूमिका आणि बदल असे तिचे सात भाग आहेत, आणि परस्परसंबंधांच्या भागात छळाविषयी थेट विधान आहे. ही प्रश्नावली ताण म्हणून वापरली आणि दुसऱ्या बाजूला छळ मोजला, तर सुरुवातीला सांगितलेली चूक अगदी शास्त्रीय पेहरावात घडते. ती वापरायचीच असेल तर मागणी, नियंत्रण आणि भूमिका हे भाग पार्श्वभूमीचे घटक म्हणून घ्यावेत आणि परस्परसंबंधांचा भाग ताणाच्या बेरजेत धरू नये. प्रश्नावली कोणतीही असो, तिच्या वापराच्या अटी वाचून आवश्यक ती परवानगी आधी घ्यावी.

प्रश्न मराठीत आणताना

पायरी कंटाळवाणी म्हणून जिथे सर्वाधिक घाई होते, ती हीच. रूढ पद्धत अशी आहे, की दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मराठी रूप तयार करावे, दोन्ही रूपे एकत्र बसून जुळवावीत, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ते पुन्हा मूळ भाषेत न्यावे आणि जिथे अर्थ सरकला असेल तिथे दुरुस्ती करावी. पण एवढ्याने भागत नाही, कारण अर्थ बरोबर असूनही शब्दाचे वजन चुकू शकते.

‘छळ’ हा शब्दच घ्या. मराठी कानाला हा शब्द जड आहे. त्याला फिर्यादीचा आणि कोर्टकचेरीचा वास आहे. ज्याचा रोज पाणउतारा होतो असा कर्मचारीसुद्धा ‘माझा छळ होतो’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘साहेब उगाच डाफरतात’, ‘सगळ्यांसमोर काढतात’, ‘मला वाळीत टाकलंय’, ‘मुद्दाम कोंडी करतात’, ‘त्रास देतात’. म्हणून वर्तनांच्या यादीत असेच रोजचे शब्द यावेत, आणि ‘छळ’ हा शब्द फक्त शेवटच्या थेट प्रश्नात, व्याख्येसह यावा. ‘बुलिंग’ हा शब्द शहरी कार्यालयात समजतो, पण बऱ्याच जणांच्या मनात तो शाळेतील मुलांच्या दादागिरीशी जोडलेला असतो, त्यामुळे मोठ्या माणसाला तो स्वतःला लावून घ्यायला संकोच वाटतो.

दुसरे उदाहरण कामासाठी लागणारी माहिती न देण्याविषयीच्या विधानाचे. ‘तुमच्यापासून माहिती दडवली गेली’ असे लिहिले, तर उत्तर देणाऱ्याला समोरच्याचा हेतू माहीत असावा लागतो. ‘तुम्हाला माहिती मिळाली नाही’ असे लिहिले, तर ढिसाळ कारभारही त्यात येतो आणि सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘कामासाठी आवश्यक असलेली माहिती तुम्हाला दिली गेली नाही’ हे रूप या दोहोंच्या मधले आहे: देण्याची जबाबदारी कोणाची तरी होती हे त्यातून कळते, पण हेतूचा निवाडा उत्तर देणाऱ्यावर टाकला जात नाही. एका क्रियापदाने गुण वरखाली होतात.

उत्तरांचे पर्याय तर आणखी निसरडे आहेत. ‘क्वचित’, ‘अधूनमधून’, ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’, ‘वारंवार’, ‘नेहमी’ हे शब्द लेखकाला चढत्या क्रमाने लागतात. पण दहा जणांना त्यांच्या चिठ्ठ्या देऊन क्रम लावायला सांगा, ‘अधूनमधून’ आणि ‘कधीकधी’ यांच्यावरून तिथल्या तिथे वाद होईल. असा छोटा प्रयोग पथदर्शी टप्प्यात, म्हणजे मुख्य अभ्यासाआधी थोड्या लोकांवर घेतलेल्या चाचणीत, अवश्य करावा. जो शब्द दोन जागी पडतो तो काढून टाकावा, किंवा सर्व पर्यायांना ‘महिन्यातून एकदा’, ‘आठवड्यातून एकदा’ असे मोजता येणारे रूप द्यावे. त्याच टप्प्यात पाच-सहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगून, उत्तर देताना मनात काय आले ते बोलून दाखवायला सांगावे. ‘टेन्शन’ आणि ‘ताण’ यांतील फरक अशा वेळीच कळतो: पुष्कळांच्या बोलण्यात ‘टेन्शन’ म्हणजे येऊ घातलेल्या गोष्टीची धास्ती, आणि ‘ताण’ म्हणजे कामाचा भार. कामाच्या भाराविषयी प्रश्न आहे असे समजून छळ सोसणारा माणूस ‘ताण फारसा नाही’ असे लिहून मोकळा होतो, कारण त्याच्याकडून कामच काढून घेतलेले असते.

कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने विचारावे

ताणाचे प्रश्न आधी, वर्तनांची यादी नंतर आणि छळाविषयीचा थेट प्रश्न सर्वांत शेवटी ठेवावा. छळाची यादी वाचून झालेल्या माणसाला आठवणी छेडल्या जातात आणि त्यानंतर विचारलेल्या ताणाच्या प्रश्नांवर त्यांची छाया पडते. ताणाचे प्रश्न आधी ठेवल्याने ही अडचण पूर्णपणे नाहीशी होत नाही, पण बरीच कमी होते.

कालावधी जुळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. छळाची यादी सहा महिन्यांविषयी विचारते आणि ताणाची श्रेणी एका महिन्याविषयी. चार महिन्यांपूर्वी साहेब बदलल्यामुळे ज्याचा त्रास थांबला, त्याचे छळाचे गुण उंच आणि ताणाचे गुण कमी येतील. त्यावरून त्याच्यावर छळाचा परिणाम झाला नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. म्हणून ‘हे वर्तन सध्याही सुरू आहे का’ असा एक जादा प्रश्न यादीच्या खाली घालावा. एका ओळीच्या या प्रश्नाने पुढचे बरेच गोंधळ वाचतात.

प्रश्नावली वरिष्ठांच्या हातून वाटू नये आणि त्यांच्याकडे गोळा करू नये. हे सांगायलाच नको, असे वाटेल. परंतु मी सुरुवातीच्या काळात केलेल्या एका कामात संस्थेने ‘सोयीसाठी’ विभागप्रमुखांच्या टेबलावर पेटी ठेवली होती, आणि एका विभागातून आलेल्या सर्व कागदांवर पहिल्या विधानापासून शेवटच्या विधानापर्यंत ‘कधीच नाही’ या रकान्यातून एकच सरळ उभी रेघ ओढलेली होती. त्या विभागाविषयी त्या रेघेने पुष्कळ काही सांगितले, पण मापन म्हणून ते कागद वाया गेले. भरलेले पाकीट थेट अभ्यासकाकडे जावे, किंवा उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या वेळेत प्रश्नावली भरता यावी.

नाव न लिहिल्याने निनावीपणा येत नाही, हेही विसरू नये. विभाग, वय, लिंग आणि नोकरीची वर्षे एवढे चार रकाने भरले, की छोट्या कार्यालयात माणूस ओळखू येतो. वयाचे गट रुंद ठेवावेत, ज्याची विश्लेषणात गरज नाही असा रकाना काढून टाकावा, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाची सरासरी कोणालाही देणार नाही असे संमतिपत्रातच लिहावे. सहभाग ऐच्छिक आहे हे लिहिणे सोपे असते. कोणी भरले आणि कोणी भरले नाही हे संस्थेला कळणार नाही अशी व्यवस्था केली, तरच त्या लिहिण्याला अर्थ आहे.

प्रश्न वाचूनच काही जणांना त्रास होऊ शकतो. म्हणून समुपदेशकाचा किंवा मदतसेवेचा संपर्क प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी, सर्वांसाठी सारखाच, छापलेला असावा. आत्महत्येच्या विचारांविषयी प्रश्न घालायचा असेल, तर ‘हो’ असे उत्तर आले की कोण, किती वेळात, काय करणार हे आधी ठरलेले असले पाहिजे. प्रश्नावली निनावी असल्यामुळे मदत पोहोचवणे शक्यच नसेल, तर तो प्रश्न विचारू नये.

गुण देताना

कोहेन यांच्या दहा प्रश्नांपैकी ४, ५, ७ आणि ८ या क्रमांकांचे प्रश्न सकारात्मक आहेत. सारे काही आपल्या मनासारखे चालले आहे असे किती वेळा वाटले, अशा प्रकारचे. त्यांचे गुण उलटावे लागतात: ० चे ४, १ चे ३, २ चे २, ३ चे १ आणि ४ चे ०. हे राहून गेले तर काय होते ते दोन काल्पनिक कर्मचाऱ्यांवरून पाहू. पहिल्याने सहा सरळ प्रश्नांना ३, ३, ४, २, ३, ४ अशी उत्तरे दिली, बेरीज १९. चार सकारात्मक प्रश्नांना त्याने १, १, २, १ लिहिले. उलटून ३, ३, २, ३, म्हणजे ११. एकूण ३०. दुसऱ्याची सरळ उत्तरे १, १, ०, १, १, १, म्हणजे ५. सकारात्मक उत्तरे ३, ३, ४, ३, उलटून १, १, ०, १, म्हणजे ३. एकूण ८. दोघांत २२ गुणांचे अंतर आहे. आता उलटणे विसरलो असे समजू. पहिल्याचे १९ अधिक ५ म्हणजे २४, दुसऱ्याचे ५ अधिक १३ म्हणजे १८. बावीस गुणांचे अंतर सहावर आले. संगणक यात कोणतीही चूक दाखवत नाही. फक्त छळाचा ताणाशी फारसा संबंध नाही, असा निष्कर्ष निघतो आणि कोणाला शंकाही येत नाही. गुणांकनानंतर अल्फा गुणांक, म्हणजे श्रेणीतील प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याचे माप, अवश्य काढावा. तो ०.७० च्या खाली गेला असेल, तर सर्वांत आधी उलट गुणांकनच तपासावे.

शून्य ते चाळीसच्या या बेरजेला ‘कमी, मध्यम, तीव्र’ अशा पट्ट्या लावलेल्या अनेक ठिकाणी दिसतात. ही श्रेणी निदानासाठी बनवलेली नाही आणि तिचे असे अधिकृत उंबरठे नाहीत. गटांची आपसांत तुलना करावी, किंवा त्याच व्यक्तीची तिच्याच आधीच्या गुणांशी.

विश्लेषण

आधी नमुन्याचा हिशेब. छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास धरले, तर शंभर कर्मचाऱ्यांत असे पंधराच मिळतील. त्या गटात साठ माणसे हवी असतील तर सुमारे चारशे पूर्ण भरलेल्या प्रश्नावल्या लागतील. शिवाय ज्यांचा सर्वाधिक छळ झाला ते राजीनामा देऊन गेलेले किंवा दीर्घ रजेवर असतात. जे उरले त्यांच्यावरून काढलेला ताण त्यामुळे खऱ्याहून कमी दिसण्याचा संभव असतो, आणि म्हणून रजेवरील कर्मचाऱ्यांनाही प्रश्नावली पाठवावी.

छळाचे गुण सारखे पसरलेले नसतात. बहुतेकांचे गुण तळाशी आणि थोड्यांचे फार वर, असे चित्र असते. सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) एवढेच देऊन थांबू नये, मध्यकही (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावा. लोकांना ‘छळ आहे’ आणि ‘छळ नाही’ अशा दोन भागांत तोडल्याने माहिती वाया जाते, म्हणून शक्य तिथे पूर्ण गुणच वापरावेत. कामाचा भार, कामावरील नियंत्रण आणि भूमिकेची संदिग्धता यांचा परिणाम वेगळा काढून मगच छळाचा वाटा सांगावा, कारण गोंधळलेल्या कार्यालयात छळही जास्त असतो आणि ताणही. छळ केवळ पाहणाऱ्या सहकाऱ्यांचा वेगळा गट करता आला तर तोही करावा. त्यांना ‘छळ नाही’ या गटात मिसळले की तुलनेचा पायाच वर सरकतो.

एकाच वेळी घेतलेल्या मापनावरून कारण आणि परिणाम ठरत नाहीत. थकलेला, खचलेला माणूस साध्या बोलण्यातही टोमणा ऐकू शकतो, आणि खचलेला दिसतो म्हणून लोक त्यालाच लक्ष्य करतात असेही घडते. सहा महिन्यांच्या अंतराने तेच दोन्ही मोजमाप पुन्हा घेतल्यास, आधीचा छळ नंतरच्या ताणाचा अंदाज देतो की आधीचा ताण नंतरच्या छळाचा, हे तपासता येते. दोन्ही उत्तरे त्याच व्यक्तीने, त्याच बैठकीत, त्याच मनःस्थितीत दिली की संबंध फुगतो. त्यावर रजेच्या नोंदींसारखी एखादी बाहेरची माहिती जोडणे हा एक उतारा आहे. लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरक मोजण्याचा मोह काहींना होतो, पण त्यातून शरीराची प्रतिक्रिया कळते, जाणवणारा ताण कळत नाही.

एकाच व्यक्तीचा ताण मोजायचा असेल तर

समुपदेशकासमोर एकच माणूस असतो, आणि तिथे गटाची गणिते उपयोगी पडत नाहीत. त्याला दोन आठवडे रोज, काम संपल्यावर लगेच, चार गोष्टी लिहायला सांगाव्यात: काय घडले, कोणासमोर घडले, त्या वेळी ताण ० ते १० पैकी किती वाटला, आणि आदल्या रात्री झोप कशी लागली. घटना एका रकान्यात आणि आकडा दुसऱ्या रकान्यात लिहायचा. ‘सकाळी साडेदहाच्या बैठकीत माझा अहवाल न वाचताच बाजूला ठेवला, सहा जण उपस्थित, ताण ८’ अशी नोंद उपयोगी असते. ‘नेहमीप्रमाणे अपमान, ताण १०’ ही नोंद उपयोगी नसते. काही न घडलेल्या दिवशीही आकडा लिहायला सांगावा, कारण रविवारी संध्याकाळी काहीही न घडता ताण ७ वर गेलेला दिसला तर उद्याच्या धास्तीचे मोजमापच हाती येते.

समुपदेशनाच्या आधी आणि नंतर दहा प्रश्नांची श्रेणी भरून घेतली आणि गुण २९ वरून २६ वर आले, तर सुधारणा झाली म्हणावी का? समजा या श्रेणीचे प्रमाण विचलन ६ आणि विश्वसनीयता ०.८० आहे. मग एका मापनातील त्रुटी सुमारे २.७ येते, दोन मापनांतील फरकाची त्रुटी सुमारे ३.८, आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर फरक किमान ७ ते ८ गुणांचा असावा लागतो. तीन गुणांची घट ही चांगल्या दिवसाची करामत असू शकते.

अहवाल लिहिताना

एका संस्थेने माझ्या अहवालातील ताणाचा तक्ता वाचला, छळाचा तक्ता वाचला नाही, आणि ज्या विभागात ताण सर्वाधिक होता तिथल्या कर्मचाऱ्यांना ताण व्यवस्थापनाच्या शिबिराला पाठवले. ज्याच्यामुळे ताण होता तो विभागप्रमुख शिबिराचे उद्घाटन करायला आला होता. त्यानंतर मी हे दोन तक्ते कधीही वेगवेगळ्या पानांवर दिलेले नाहीत. ‘अमुक विभागातील कर्मचारी अधिक तणावग्रस्त आहेत’ असे वाक्य लिहिले की प्रश्न कर्मचाऱ्यांच्या स्वभावाचा वाटू लागतो. त्याऐवजी ‘ज्या कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून किमान एकदा नकारात्मक वर्तन अनुभवल्याचे नोंदवले, त्यांच्या ताणाचा मध्यक इतरांपेक्षा इतक्या गुणांनी अधिक होता’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण घटना आणि ताण एकत्रच वाचले जातात. संस्थेला जबाबदारीची आठवण करून द्यायची असेल, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा, हिंसा आणि छळाविषयीचा, १९० क्रमांकाचा करार आणि मानसिक आरोग्य व सुरक्षेच्या व्यवस्थापनावरील २०२१ चे आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानक यांचा उल्लेख करता येतो.

भरलेल्या प्रश्नावल्या संस्थेच्या कपाटात राहू देऊ नयेत. त्या किती दिवस, कोणाकडे राहतील आणि केव्हा नष्ट होतील याची तारीख संमतिपत्रात लिहिलेली असावी, आणि दुसऱ्या फेरीसाठी कागद जोडायचे असतील तर कर्मचाऱ्याने स्वतः तयार केलेला, त्यालाच आठवेल असा सांकेतिक क्रमांक पहिल्या फेरीतच घेऊन ठेवावा.